१ जून १९५३, सोमवार: सॅल्फर्डच्या मागच्या अंगणातलं धुणं रंगमंचावर कसं दाखवावं?

पडद्यामागचा

नमस्कार मंडळी. आमच्या हौशी संस्थेची एकांकिका मँचेस्टरला खेटून असलेल्या सॅल्फर्डमध्ये घडते. तारीख १ जून १९५३, म्हणजे दुसऱ्या एलिझाबेथच्या राज्याभिषेकाचा आदला दिवस. वार सोमवार, म्हणजे तिकडचा धुण्याचा वार. स्थळ कामगारवस्तीतल्या एका घराचं मागचं अंगण. आई धुणं धुते आहे, आठ आणि दहा वर्षांची दोन मुलं आत-बाहेर करताहेत, शेजारीण भिंतीपलीकडून बोलते आहे. गोदीत काम करणारा बाप शेवटच्या पाच मिनिटांत येतो.

संहितेत सध्या हे आहे: बाथरूमच्या नळाचं गरम पाणी, प्लॅस्टिकची बादली, मुलांच्या हातात दोरीला बांधलेले कॉंकर्स, आईने दिलेलं ‘पाच पी’चं नाणं, आणि कपडे पिळायचं रुळांचं यंत्र. यातलं काय टिकतं? प्रयोग पस्तीस मिनिटांचा आहे आणि तेवढा वेळ धुणं चालू राहणार, त्यामुळे क्रम चुकायला नको. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

सुतारपट्टी

यादीतलं फक्त शेवटचं यंत्र टिकतं. बाकी सगळं काढा.

आधी घर समजून घ्या. ‘टू-अप टू-डाउन’, म्हणजे खाली दोन खोल्या, वर दोन. पुढचं दार थेट फुटपाथवरून खोलीत उघडतं, मधे ओटी-पडवी काही नाही. मागच्या खोलीत चूल-शेगडी आणि सगळा संसार. तिच्या मागे लहानशी स्कलरी. तिला मराठीत बिनदिक्कत ‘मोरी’ म्हणा, काम तेच. तिथे उथळ दगडी सिंक, त्याला सॅल्फर्डकडे ‘स्लॉपस्टोन’ म्हणतात, आणि त्यावर एकच नळ, गार पाण्याचा. बाथरूम नाही. गरम पाण्याचा नळ बहुतेक घरांत नाही.

मोरीच्या दारातून बाहेर पडलं की अंगण. अंगण म्हणजे तुळशीवृंदावनाचं अंगण डोळ्यांपुढे आणू नका. उंच विटांच्या भिंतींमधली फरसबंद खोलीच ती, फक्त छप्पर नाही. शेवटच्या भिंतीला लागून संडास आणि शेजारी कोळशाची कोठी. भिंतीत एक फळ्यांचं दार, ते मागच्या बोळात उघडतं. बोळाला ‘एन्ट्री’ किंवा ‘जिनल’. बोळापलीकडे पुढच्या रस्त्यावरच्या घरांची अशीच अंगणं.

भिंतीवर एक मोठा खिळा आणि त्याला पत्र्याचं लांबट आंघोळीचं टब टांगलेलं दाखवा. ते शुक्रवारी रात्री आत आणून शेकोटीपुढे ठेवायचं, त्याच पाण्यात एकामागून एक सगळ्यांनी आंघोळ उरकायची. सोमवारी त्याचं काही काम नाही, पण ते भिंतीवर नसेल तर घर खोटं वाटेल. संडासाच्या दाराआड खिळ्याला सुतळीत ओवलेले वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे. आतल्या भिंतींना चुना. हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून पाइपला चिंध्या गुंडाळत आणि रात्री रॉकेलचा छोटा दिवा आत ठेवत. जूनमध्ये दिवा नको, चिंध्या मात्र वर्षभर तशाच राहिलेल्या चालतील.

कोळशाच्या कोठीपुढची जमीन काळी रंगवा. पोतं एक हंड्रेडवेटचं, ११२ पौंड, म्हणजे ५१ किलोला थोडं कमी. कोळशाचं रेशनिंग १९५८ पर्यंत चाललं, त्यामुळे आई फावडं मोजूनमापून भरेल.

निळीची_पुडी

धुण्यावर मी लिहिते. लांबेल.

कामाची सुरुवात रविवारी रात्रीच होते. पांढरे कपडे धुण्याचा सोडा घातलेल्या गार पाण्यात भिजत टाकायचे. सोमवारी पहाटे मोरीच्या कोपऱ्यातलं ‘कॉपर’ पेटवायचं. नाव तांब्याचं, पण पुष्कळदा भांडं बिडाचं असतं. आपल्या चुलाणासारखं विटांचं बांधकाम, त्यात पक्कं बसवलेलं गोल भांडं, खाली लहानसं जाळाचं तोंड, वर लाकडी झाकण. दहा-पंधरा गॅलन पाणी, तेही नळाखालून बादल्यांनी आणून भरायचं. उकळी यायला तासभर तरी लागतो. १९५३ पर्यंत काही घरांत हेच गॅसवर चालणारं आलेलं होतं. नाटकात कोळशाचंच ठेवा, मोरीच्या दारातून वाफ येऊ दे. अंगणात धुराचं यंत्र वापरायचं ते एवढ्यापुरतंच.

अंगणात असतो तो डॉली-टब: जस्ताच्या पत्र्याचं, अंगाला खाचा असलेलं पिंप, दोनेक फूट उंच. त्यात कॉपरमधलं गरम पाणी आणि साबण. साबणाचं रेशनिंग सप्टेंबर १९५० मध्ये उठलं होतं, त्यामुळे ‘साबण मिळत नाही’ असं वाक्य असेल तर ते १९५३ ला चालणार नाही. हिरवट किंवा पिवळ्या वडीचा साबण किसून घालतात, नाहीतर पर्सिल, रिन्सो यांची खोक्यातली पावडर.

क्रम असा. आधी पांढरं: चादरी, उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ. मग रंगीत. लोकरी कपडे वेगळे, कोमट पाण्यात आणि फार न रगडता, नाहीतर आटून मुलांच्या मापाचे होतात. सगळ्यांत शेवटी बापाचे गोदीतले कपडे. पाणी तेच, दर खेपेला जास्त काळं होत जाणारं. म्हणजे पडदा उघडताना टबात काय आहे त्यावरून किती वाजले ते कळतं. चादरी असतील तर सकाळ, निळे डगले असतील तर दुपार. उरलेलं साबणाचं गरम पाणी फेकायचं नाही. त्यानेच अंगणाची फरशी आणि संडास घासून काढायचा. नाटकाचा शेवट या खराट्यावर झाला तर बघा.

कॉलर आणि मनगटं खाचांच्या फळीवर हाताने घासायची. पांढरे कपडे कॉपरमध्ये उकळायचे, गुळगुळीत झालेल्या लाकडी काठीने वर काढायचे आणि दोनदा गार पाण्यातून काढायचे. दुसऱ्या पाण्यात नीळ. रेकिट्सची नीळ हल शहरातली, आपल्याकडच्या रॉबिनच्या निळीचं तेच घराणं. कापडाच्या पुरचुंडीत बांधलेली गोळी पाण्यात फिरवून दाबायची, पाणी आकाशी झालं की लगेच बाहेर काढायची. दोन चुका हमखास होतात. पुरचुंडी कपड्याला टेकली तर डाग पडतो, आणि कपडा निळीच्या पाण्यात दुमडलेला राहिला तर घडीवर पट्टे येतात. नीळ जास्त झाली तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुन्हा खळबळायचं, आम्लाने तो रंग उतरतो. मुलाला गांधीलमाशी चावली तर हीच ओली पुरचुंडी चावलेल्या जागी दाबत. संहितेत मुलाला काहीतरी कारणाने आईजवळ आणायचं असेल तर घ्या.

नंतर खळ. स्टार्च थोड्या गार पाण्यात कालवायचा, मग ढवळत ढवळत कढत पाणी ओतायचं, दुधाळपणा जाऊन तो काचेसारखा दिसेपर्यंत. पाणी पुरेसं कढत नसेल तर तो शिजत नाही, गुठळ्या राहतात आणि मंगळवारी इस्त्रीला चिकटून तपकिरी डाग पडतात. खळ फक्त कॉलर, एप्रन, टेबलक्लॉथ यांना.

पडद्यामागचा

निळीताई, दंडवत! एक शंका. टबात कपडे हलवायला काय? आमची अभिनेत्री सध्या मुसळाने कांडल्यासारखं करते.

निळीची_पुडी

अवजारं दोन आहेत आणि हालचाली वेगळ्या. ‘पॉसर’ म्हणजे लांब दांड्याला बसवलेली तांब्याची भोकाभोकांची घंटा. ती वर-खाली करायची. इथे मुसळ बरोबर, पण आपटायचं नाही. दाबलं की हवा-पाणी कपड्यातून जातं, उचललं की ओढलं जातं, फसफस आवाज येतो. ‘डॉली’ म्हणजे तिवईसारखे पाय असलेली लाकडी गोल चकती, वर उभा दांडा आणि दोन्ही हातांनी धरायला आडवी मूठ. ती कांडायची नाही, ताक घुसळणाऱ्या रवीसारखी अर्धा वळसा उजवीकडे, अर्धा डावीकडे. पाय कपड्यांना धरून फिरवतात. सुताराकडून करून घ्यायला डॉलीच सोपी आहे. आणि भरलेल्या टबात ती फिरवणं म्हणजे खांद्यांचं काम, पाच मिनिटांत माणूस घामाघूम होतो. अभिनेत्रीला रिकाम्या टबावर तालीम देऊ नका, टब रिकामा आहे हे पहिल्या रांगेला लगेच कळतं.

आणे_पै

‘पाच पी’ काढलंत ते बरं केलंत. ‘पी’, म्हणजे दशमान पद्धतीतला नवा पेनी, १५ फेब्रुवारी १९७१ नंतरचं. त्याआधी १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. आपल्या आणे-पैच्या हिशेबात वाढलेल्या प्रेक्षकांना समजवायला कठीण नाही, आपल्याकडेही १२ पैचा आणा होताच आणि तो १९५७ पर्यंत चालला. १९५३ ला रुपया दीड शिलिंगाचा होता. म्हणजे एक शिलिंग १० आणे ८ पै, आणि पौंड १३ रुपये ५ आणे ४ पै.

मुलाच्या हातात काय द्यावं? पेनी, म्हणजे मोठं जड तांबूस नाणं, नाहीतर पितळी रंगाचं बारा कोनांचं ‘थ्रपनी बिट’, तीन पेन्सचं. माझं मत थ्रपनी बिट. त्याचा आकार लांबूनही ओळखू येतो. गोळ्या-चॉकलेटांचं रेशनिंग ५ फेब्रुवारी १९५३ ला उठलं. नाटकातल्या मुलांना कूपन न देता हवी ती गोळी घेता येऊ लागून चारच महिने झालेत. हे एका वाक्यात आलं तरी पुरे. साखर मात्र सप्टेंबरपर्यंत रेशनवर होती. राज्याभिषेकासाठी माणशी एक पौंड साखर आणि चार औंस मार्गारिन जादा मिळालं होतं. उद्याच्या रस्त्यावरच्या मेजवानीची जेली नि केक त्यातूनच. मटण, बेकन, लोणी, चीज हे सगळं १९५४ पर्यंत रेशनवर.

आणखी एक. सोमवारी घरात पैसा नसतो. पगार शुक्रवारी. मुलांचा सरकारी भत्ता दुसऱ्या मुलापासून सुरू होतो, १९५२ पासून आठवड्याला आठ शिलिंग, तो आईच्या हाती पोस्टात मिळतो आणि त्याचा वार मंगळवार. नेमका या मंगळवारी राज्याभिषेक, पोस्ट बंद! तुमच्या शेजारणीला उसनं मागायला याहून चांगलं कारण सापडणार नाही.

सोमवारची दुसरी वाट गहाणवट्याची. नवऱ्याचा रविवारचा सूट सोमवारी गहाण टाकायचा, शनिवारी सोडवायचा. व्याज दर दोन शिलिंगांना महिन्याला अर्धा पेनी, वर चिठ्ठीचा खर्च. दर लहान दिसतो, पण सूट दर आठवड्याला नव्याने गहाण पडतो आणि सहा दिवसांचंही पूर्ण महिन्याचं व्याज पडतं. १९५३ ला ही प्रथा ओसरत होती, पण संपली नव्हती. सूट उघड्यावर नेत नाहीत, धुण्याच्या बोचक्यात लपवून नेतात.

कट्ट्यावरचा

कॉंकर्सबद्दल. त्या हॉर्स-चेस्टनट झाडाच्या बिया, सप्टेंबर-ऑक्टोबरात पिकतात. जूनमध्ये मुलाच्या हातात कॉंकर म्हणजे आपल्या नाटकात दिवाळीत कैऱ्या. तसंच गाय फॉक्सच्या पुतळ्यासाठी पैसे मागत ‘पेनी फॉर द गाय’ ओरडत फिरणं हे ५ नोव्हेंबरच्या आधीचं. ते कुणी सुचवलं तर ऐकू नका.

जूनमध्ये काय? मुलींसाठी दोरीवरच्या उड्या, जुन्या धुण्याच्या दोरीने. मुलांसाठी भिंतीवर खडूने तीन स्टंप काढून क्रिकेट. रस्त्यावरच्या गॅसच्या दिव्याला कंदिलाखाली एक आडवा दांडा असतो, शिडी टेकवायला. त्याला दोरी बांधून खांबाभोवती झोका घ्यायचा. दोरी खांबाला गुंडाळत जाते तसा फेरा लहान होतो आणि शेवटी पाय नाहीतर डोकं बिडाच्या खांबावर आदळतं. झोका रस्त्यावरचा, तुमच्या अंगणात दिसणार नाही, पण टेंगूळ घेऊन मुलगा आत येऊ शकतो.

आणि चक्क विटी-दांडू आहे! उत्तर इंग्लंडात ‘पिगी’ किंवा ‘पेगी’. विटी दोन्ही टोकांना निमुळती, चार-पाच इंच. आपल्यासारखी गल्ली खणत नाहीत, फरशीवर कसली खणणार? विटी जमिनीवर किंवा विटेवर ठेवून टोकाला टिचकी, उडाली की तडाखा. अंतर मोजायला आपली वकट-लेंड-मूंड नाही, ढांगा किंवा उड्या. मी म्हणतो एवढ्या उड्यांचं अंतर आहे, तू त्याहून कमी उड्यांत गाठून दाखव. विटी काचेला लागते म्हणून बायका ओरडतात, तेही आपल्यासारखंच.

एक बारकावा. व्हिटसनचा, म्हणजे ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारचा ख्रिस्ती सण २४ मे ला झाला होता. मँचेस्टर-सॅल्फर्डला त्या आठवड्यात चर्चच्या मिरवणुका निघतात आणि ऐपत नसली तरी मुलांना नवे कपडे शिवतात. नवे कपडे घालून शेजाऱ्यांना दाखवायला जायचं, ते खिशात नाणं टाकतात. म्हणजे १ जूनला या मुलांचे नवे कपडे आठ दिवसांचे आहेत. उद्या मेजवानीला तेच घालायचे, आज त्यांना हातही लावायचा नाही.

ओसरीवरून

उंबऱ्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून टंकतो. पुढचं दार मंचावर नसलं तरी त्याचा उल्लेख हवा. दाराची दगडी पायरी ‘डंकी-स्टोन’ने रंगवायची. साबणाच्या वडीएवढी ठोकळी, दगडाची भुकटी आणि सिमेंट घालून केलेली. रंग पांढरा, मलईसारखा किंवा तपकिरी. मुळात ती कापडगिरण्यांतल्या तेलकट जिन्यांवर पाय घसरू नये म्हणून घासायची, तिथून घरांच्या पायऱ्यांवर आली. विकत फारशी कुणी घेत नाही. भंगार-चिंध्या गोळा करणारा हातगाडीवाला जुन्या कपड्यांच्या बदल्यात देतो. आपली बोहारीण भांडी देते, तसं.

पद्धत: पायरी धुवायची, ओली असतानाच दगड घासायचा, मग घट्ट पिळलेल्या फडक्याने एकाच दिशेने हात फिरवून रंग सारखा करायचा. पाणी जास्त झालं तर ओघळ येतात, पायरी सुकली तर दगड ओरखडतो आणि रंग धरत नाही. वाळेपर्यंत सगळे टांग टाकून ये-जा करतात. नंतरसुद्धा मुलांनी पायरीवर पाय ठेवला तर पाठीत धपाटा. हे काम साधारण आठवड्याच्या शेवटी, शुक्रवारी. पण उद्या राज्याभिषेक असल्याने सोमवारी पुन्हा, हे पटण्यासारखं आहे.

अवांतर: वर सगळे ‘सोमवार’ म्हणताहेत ते सॅल्फर्डपुरतं ठीक. बर्मिंगहॅमच्या बॅक-टू-बॅक घरांत मागची भिंतच दुसऱ्या घराची, मागे अंगण कुठून येणार? मधल्या सामाईक चौकात एकच धुण्याची खोली, तिला ‘ब्रूहाउस’ म्हणतात, आणि घराघरांना वार वाटून दिलेले. आपल्या चाळीतल्या सामाईक नळासारखाच मामला. कुणी तुम्हाला ‘इंग्लंडात सगळ्या बायका सोमवारीच धुवायच्या’ असं सांगितलं तर त्याला हा चौक दाखवा.

सुतारपट्टी

ओसरीवरून यांच्याशी सहमत. दोऱ्यांचं राहिलं. अंगण लहान, म्हणून दोरी मागच्या बोळात एका भिंतीवरून समोरच्या भिंतीवर. मधे झोळ पडतो म्हणून टोकाला बेचकं असलेली सात-आठ फुटी काठी लावून दोरी उचलायची. चिमटे लाकडाचे. त्या दिवशी बोळात कोळशाची गाडी आली की बोंब, सगळ्या दोऱ्या काठ्यांनी वर धरा किंवा उतरवा. आणि हवेतली काजळी तर आहेच. वाऱ्याबरोबर कण येऊन ओल्या चादरीवर बसतो. तो चिमटीने किंवा फडक्याने पुसायचा नाही, पसरतो. फुंकर मारायची किंवा वाळल्यावर झटकायचा. अभिनेत्रीला ही फुंकर शिकवाच. चादर तापवली ती कोळशाने, काळी केली तीही कोळशानेच, हे बोलून दाखवायची गरज नाही. धुराला आळा घालणारा कायदा १९५६ चा, तोही लंडनच्या डिसेंबर १९५२ च्या विषारी धुक्यानंतर. तुमच्या तारखेला तो झालेला नाही.

पाऊस आला तर सगळं आत, शेकोटीवरच्या छताला दोरी-कप्पीने वर ओढायच्या लाकडी पट्ट्यांच्या मांडणीवर. मग घरभर ओल. आदल्या दिवशीचं रविवारचं मटण उरलेलं असतं, सोमवारी तेच गार कापून, कारण चुलीपाशी उभं राहायला कुणाला वेळ नाही. भाषांतरात जपा: ‘डिनर’ म्हणजे दुपारचं जेवण, ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं. बाप ‘टी तयार आहे का’ विचारतो तेव्हा तो चहा मागत नाही.

पडद्यामागचा

काय सांगू, संहिता अर्धी बदलली. मंगळवारचा भत्ता आणि बंद पोस्ट हे तर थेट घेतो. राहिलं रुळांचं यंत्र. खरं मिळणं अवघड. कसं करावं?

सुतारपट्टी

उसाच्या रसाचा जुना हातचरक बघितलाय ना? तेच डोळ्यांपुढे ठेवा. मँगलचा, म्हणजे या रुळांच्या यंत्राचा, सांगाडा बिडाचा, छातीएवढा उंच. त्यात एकावर एक दोन लाकडी रूळ, बाजूला हँडलचं मोठं चाक, माथ्यावर दाब कमी-जास्त करायचा स्क्रू. खाली फळी, तिच्यावरून पाणी टबात परत. सांगाडा प्लायचा करून काळा रंगवा, रूळ मात्र खऱ्या लाकडाचे, खराद्यावर काढलेले. कापड खरोखर आत गेलं पाहिजे, पाणी खरोखर गळलं पाहिजे.

चादर दोघींनी टोकं धरून लांबीत घडी घालून सरळ घालायची, तिरकी गेली तर एका बाजूला गोळा होऊन वरचा रूळ उडतो. शर्ट घालताना बटणं घडीच्या आत घ्यायची, नाहीतर फुटतात. मुलगा हँडल फिरवेल, आई कापड घालेल. उलट नको, बोटं जातात. पहिल्यांदा स्क्रू सैल, दुसऱ्यांदा आवळून.

आणि प्रयोग संपल्यावर तुमच्या मागच्या पोरांना सांगून ठेवा: स्क्रू पूर्ण सैल करून रूळ पुसून ठेवायचे. ओलं लाकूड दाबात रात्रभर राहिलं तर रूळ एका अंगाला चपटा होतो आणि पुढच्या प्रयोगाला प्रत्येक फेऱ्याला धक्का बसतो.